ए123 चा 20 एएच पाउच सेल: सरप्लस माल घ्यावा का, आणि घेतला तर तपासावा कसा

बाइकचा स्टार्टर पॅक किंवा इन्व्हर्टरची बॅटरी घरी बांधणाऱ्यांच्या हातात ए123 कंपनीचा हा सेल कधी ना कधी येतोच. वहीएवढा, चंदेरी, वरच्या एकाच कडेला दोन टॅब, म्हणजे धन-ऋण टोकांच्या धातूच्या पट्ट्या. मॉडेल एएमपी20. कंपनीचे आकडे असे: 227 × 160 × 7.25 मिमी, वजन 496 ग्रॅम, 3.3 व्होल्ट, क्षमता किमान 19.5 एएच (अँपिअर-अवर), 65 वॅट-अवर, आणि थोडा वेळ 1200 वॅटपर्यंत दम. रसायन लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. अर्ध्या किलोच्या सेलकडून एवढी ताकद आजही सहज मिळत नाही. सेल अव्वल आहे, पण सरप्लसमध्ये, म्हणजे उरलेला-काढलेला म्हणून मिळणारा माल बेभरवशाचा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तरच खरेदी फायद्याची ठरते.

माल बेभरवशाचा का, याचं उत्तर कंपनीच्या इतिहासात आहे. एमआयटीतल्या संशोधनातून 2001 साली ही अमेरिकन कंपनी उभी राहिली. हे पाउच सेल मिशिगनमधल्या लिव्होनियाच्या कारखान्यात बनत आणि फिस्कर कार्मा गाडीत जात. मार्च 2012 मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की वेल्डिंगच्या एका मशीनचं कॅलिब्रेशन चुकल्याने काही सेलमध्ये दोष आला आहे आणि आत शॉर्ट होऊ शकतो. बदलून देण्याचा खर्च सुमारे 5.5 कोटी डॉलर धरला होता. ऑक्टोबर 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला आणि पुढे चीनच्या वानशियांगने कंपनी घेतली. त्यामुळे बाजारात न वापरलेले सेल, मॉड्यूल (सेलचे बांधलेले गठ्ठे) फोडून काढलेले सेल आणि नापास सेल एकाच नावाने फिरतात. टॅब आखूड आणि कात्रीने कापल्यासारखे दिसले की सेल मॉड्यूलमधून निघालेला आहे, विक्रेता काहीही म्हणो. बारकोड खरवडलेला असेल तर तो लॉट सोडून द्या.

माल आल्यावर पहिलं काम व्हर्नियरचं. मधोमध जाडी 7.25 च्या आसपास हवी. 8 मिमीच्या पुढे गेलेला, दाबल्यावर आत हवा जाणवणारा सेल बाजूला काढा. सीलच्या कोपऱ्यात घडी, टॅबच्या मुळाशी चीर, आणि नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास, यातलं एक जरी असेल तरी तो सेल घरात नेऊ नका. तो वास इलेक्ट्रोलाइटचा, म्हणजे सेलमधल्या रासायनिक द्रवाचा असतो. ते दमट हवेच्या संपर्कात आलं की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं.

मग व्होल्टेज. 3.2 ते 3.3 दिसलं की लोक खूश होतात. त्यावरून फक्त एवढंच कळतं की सेल मेलेला नाही. 2 व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिलेल्या सेलमध्ये ऋण बाजूचं तांबं विरघळतं, आणि चार्ज करताना ते नको तिथे साचून आतल्या आत शॉर्ट करतं. असा सेल हळूहळू चार्ज करून जिवंत झालेला दिसतो, क्षमताही दाखवतो आणि नंतर दगा देतो. 2 च्या खालचा सेल पॅकमध्ये घालू नये, हे माझं ठाम मत.

एक तपासणी जवळजवळ कोणीच करत नाही. पाउचच्या लॅमिनेटमध्ये (बाहेरच्या थराथराच्या आवरणात) अॅल्युमिनियमचा थर असतो, तो कापलेल्या कडेला उघडा सापडतो. मल्टिमीटरचं एक टोक धन टॅबवर आणि दुसरं त्या कडेवर ठेवा. आकडा तरंगत राहिला, घसरत गेला, तर ठीक. तो सेलच्या पूर्ण व्होल्टेजजवळ घट्ट बसून राहिला, तर पाउचचा थर आतून ऋण बाजूला टेकला आहे. मग लिथियम त्या अॅल्युमिनियमला खात जातं आणि काही महिन्यांत पाउचला बारीक भोक पडतं. या चाचणीला सेलमागे अर्धा मिनिट पुरतो.

क्षमता मोजायला बहुतेकांकडे आयमॅक्स बी6 हा छोटा चार्जर असतो. या कामाला तो कुचकामी आहे, कारण त्याचा डिस्चार्ज 5 वॅट आणि 1 अँपिअरला अडतो. एका सेलला साडेएकोणीस तास, पुढे दिलेल्या इन्व्हर्टर पॅकच्या 32 सेलना सलग 26 दिवस. झेडकेईटेकचा ईबीसी-ए20 हा बॅटरी टेस्टर घ्यावा: डिस्चार्ज 20 अँपिअर किंवा 85 वॅटपर्यंत, चार्ज 5 अँपिअरपर्यंत, आणि व्होल्टेज मोजायच्या वायरी वेगळ्या. त्या वेगळ्या वायरी टॅबवर स्वतंत्र क्लिपने लावा, करंटच्या क्लिपवर नको. नाहीतर क्लिपचा रोध (रेझिस्टन्स) सेलच्या नावावर चढतो.

सेल दोन सपाट पट्ट्यांमध्ये हलका आवळूनच चाचणी घ्या. 5 अँपिअरने 3.6 व्होल्टपर्यंत चार्ज करा, करंट 1 अँपिअरवर उतरेपर्यंत थांबा, तासभर विश्रांती द्या, मग 10 अँपिअरने 2.5 व्होल्टपर्यंत उतरवा. 19 एएचच्या वर आला तर उत्तम, 18 ते 19 चालेल. 17 च्या खालचा सेल चांगल्यांसोबत सिरीजमध्ये नको, कारण अख्खी रांग त्याच्यापाशी थांबते.

सेलचा आतला रोध मोजायला सेल अर्धा भरलेला ठेवा. 5 अँपिअरला 3.262 व्होल्ट आणि 15 अँपिअरला 3.237 दिसले, तर 25 मिलीव्होल्ट भागिले 10 अँपिअर, म्हणजे 2.5 मिलीओहम. एकट्या आकड्यापेक्षा लॉटमधला फरक महत्त्वाचा. बाकीचे 2.5 ला असताना एखादा 5 दाखवत असेल, तर तो लोडखाली सगळ्यात आधी कोसळेल. सगळी मोजमापं एकाच तापमानाला घ्या. डिसेंबरच्या सकाळी आणि मेच्या दुपारी तोच सेल वेगळा बोलतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: सेल्फ डिस्चार्ज, म्हणजे न वापरता आपोआप चार्ज गळणं. इथेच एलएफपी लोकांना फसवतो. त्याचा व्होल्टेजचा आलेख मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट आहे. अर्धा चार्ज करून महिनाभर ठेवला आणि 3.29 चा 3.288 झाला, तर त्यावरून काहीच ठरत नाही. चार्ज गळणारा सेलही तेवढाच हलेल. म्हणून चाचणी तळाशी घ्यावी. 2.5 व्होल्टपर्यंत उतरवल्यावर साधारण 1 एएच परत भरा, एक दिवस स्थिरावू द्या, व्होल्टेज मिलीव्होल्टपर्यंत लिहून ठेवा आणि टॅबवर टेप लावून तीन-चार आठवडे विसरून जा. इथे आलेख उभा असल्याने थोडी गळतीही स्पष्ट दिसते. सगळे 5 मिलीव्होल्टने उतरले आणि एक 40 ने, तर तो एक बाद. 2012 च्या दोषासारखा आतला मंद शॉर्ट घरच्या साधनांनी पकडायचा याहून चांगला मार्ग नाही. हे आठवडे वाचवणाऱ्यांनी पाउच सेलच्या वाटेला जाऊ नये.

जुळणीत पाउच सेल सर्वांत जास्त बिघडतो तो दाबाअभावी. दंडगोल सेलला स्वतःचं धातूचं कवच असतं, याला नाही. कंपनीच्या सूचना 4 ते 7 पीएसआय (चौरस इंचावर पाउंड) दाबाच्या आहेत. या आकाराच्या सेलवर तो साधारण 100 ते 180 किलोचा भार होतो, तेव्हा चिकटपट्टी गुंडाळून काही साधत नाही. दोन टोकांना 6 मिमी अॅल्युमिनियमच्या प्लेटी, सेललगत वीज अडवणारी हायलम शीट, दोन-दोन सेलमध्ये 1 मिमी फोम आणि बाहेरून 6 ते 8 थ्रेडेड रॉड. रॉड तिरपे-तिरपे, थोडे-थोडे आवळा. एका कोपऱ्यात दाब जास्त झाला तर सील तिथेच उघडतं.

टॅबचं कामही तितकंच नाजूक. धन टॅब अॅल्युमिनियमचा, ऋण तांब्याचा. अॅल्युमिनियमला साधा सोल्डर चिकटत नाही, आणि तापवत बसलात तर मुळाशी सील वितळतं. टिनचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पट्ट्यांमध्ये टॅब दाबून स्क्रू आवळणं हाच खात्रीचा उपाय. आधी बारीक एमरी पेपर मारा, लगेच ऑक्साइड रोखणारी पेस्ट लावा आणि स्प्रिंग वॉशर वापरा, कारण अॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतं. कोकणात आणि गोव्यात खारट, दमट हवेमुळे अॅल्युमिनियम आणि तांब्याचा सांधा फार लवकर पांढरा पडतो, तिथे पेस्ट टाळू नका. 10 अँपिअर सोडून प्रत्येक सांध्यावर मिलीव्होल्ट मोजा: 1 च्या आत हवेत. काम करताना दुसऱ्या टॅबवर कॅप्टॉन टेप (वीज अडवणारा, उष्णता सोसणारा) असायलाच हवा. 3 मिलीओहमचा सेल शॉर्ट झाला तर हजारेक अँपिअर सोडतो, पान्हा तिथेच चिकटतो.

आपल्याकडच्या इन्व्हर्टरला 4 सिरीज, 8 पॅरलल हा पॅक नीट बसतो: 13.2 व्होल्ट, 160 एएच, सुमारे 2.1 युनिट, सेलचं वजन फक्त 16 किलो. जोडण्याआधी सगळे सेल पॅरललमध्ये 3.6 व्होल्टपर्यंत एकत्र भरून घ्या. स्वस्त बीएमएसचा (पॅकमधले सेल सांभाळणाऱ्या सर्किटचा) बॅलन्स करंट, म्हणजे सेल एका पातळीवर आणणारा करंट, 100 मिलीअँपिअरच्या आत असतो, 2 एएचचा फरक भरायला त्याला वीस तासांहून जास्त लागतात. इन्व्हर्टर चार्जिंगला किती व्होल्ट देतो ते मीटरने पाहा. 14.4 ठीक, ट्यूब्युलर बॅटरीसाठीचा त्यावरचा बूस्ट बंद करा. फ्यूज धन टोकाला, पॅकच्या अगदी जवळ.

मी कोणाला सुचवेन? बाइक स्टार्टर, छोटा वेल्डर, जिथे कमी वजनात मोठा करंट हवा, तिथे नक्की. फक्त घरचे दिवे-पंखे चालवायचे असतील तर नवे 280 एएचचे प्रिझमॅटिक (कडक कवचाचे, चौकोनी) एलएफपी सेल घ्यावेत. तसा एक सेल अशा 14 पाउचची जागा घेतो, आणि 28 टॅब आवळायचे वाचतात. सरप्लस लॉट घ्यायचाच असेल तर गरजेपेक्षा पाव भाग जास्त मागवा आणि भाव ठरवताना तो बाद होणारा माल धरूनच हिशेब करा.

बाद सेलपैकी जे फुगलेले किंवा गळके नाहीत ते मोकळ्या जागी गाडीचा 12 व्होल्टचा बल्ब लावून पूर्ण उतरवा. फुगलेले किंवा गळके सेल न उतरवता वाळूच्या डब्यात, घराबाहेर ठेवा. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ते अधिकृत रिसायकलरकडेच जायला हवेत. भंगारवाल्याला दिले तर ते लोखंडाच्या ढिगात दाबले जातात आणि आग तिथे लागते. प्रत्येकाच्या दोन्ही टॅबवर टेप, प्रत्येक सेलला वेगळी प्लॅस्टिक पिशवी, आणि पिशवीवर मार्करने "बाद" आणि तारीख.