रिअल्म्स घ्यावं की स्वतःचा सर्व्हर चालवावा?

सहा-सात जणांचा गट आहे, सगळ्यांना साधं, विनामॉड (खेळात बाहेरचे बदल न करता) माइनक्राफ्ट खेळायचंय आणि सर्व्हर सांभाळायला कुणालाच वेळ नाही, अशी स्थिती असेल तर खेळ बनवणाऱ्या मोजांगचं रिअल्म्स (कंपनीच सांभाळते तो भाड्याचा सर्व्हर) डोळे झाकून घ्या. मालक धरून एका वेळी ११ जण खेळू शकतात, बॅकअप आपोआप होतात, राउटरमध्ये पोर्ट (बाहेरच्यांना आत यायची वाट) उघडायची भानगड नाही. सुरक्षेची बाजूही भक्कम आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या खेळाच्या नोंदी ठेवणाऱ्या घटकातली गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा रिअल्मच्या सर्व्हरची दुरुस्ती कंपनीकडेच होती. स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यांना मात्र तातडीने माइनक्राफ्टच्या १.१८.१ आवृत्तीवर जावं लागलं, किंवा जुन्या आवृत्तीत हाताने उपाय करावा लागला.

तरीही दीर्घकाळ चालणाऱ्या जगासाठी आमची पसंती स्वतःच्या सर्व्हरलाच आहे, आणि त्याचं मुख्य कारण वेग किंवा मॉड हे नाही. कारण आहे नासधूस निस्तरण्याची सोय. जावा आवृत्तीच्या (संगणकावर खेळायच्या) रिअल्मवर प्लगइन, म्हणजे सर्व्हरला जोडायचे छोटे प्रोग्राम, चालत नाहीत. कुणी पेटी रिकामी केली किंवा घर जाळलं, तर ते कुणाचं काम हे कळायला मार्ग नसतो आणि हातात एकच उपाय उरतो: अख्खं जग जुन्या बॅकअपवर नेणं. म्हणजे एकाच्या उपद्व्यापापायी बाकी सगळ्यांची त्या दिवसाची मेहनत वाया. पेपर या प्लगइन चालवणाऱ्या सर्व्हर प्रोग्रामवर कोअरप्रोटेक्ट हे प्लगइन टाकलं, तर तोडलेल्या ब्लॉकच्या जागी क्लिक करून कुणी आणि कधी तोडला ते दिसतं. मग खेळाडूचं नाव, कालावधी (समजा दोन तास) आणि त्रिज्या (समजा २० ब्लॉक) देऊन फक्त त्याचीच करणी उलटवता येते. मात्र हे प्लगइन बसवल्यानंतरच्याच नोंदी ठेवतं. त्यामुळे ते पहिल्या दिवशी टाका, भांडण झाल्यावर नाही.

उभारणी अवघड नाही. माइनक्राफ्टच्या १.२०.५ पासून १.२१ च्या आवृत्त्यांपर्यंत जावा २१ (सर्व्हर ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) लागतं. दहा जणांसाठी ४ जीबी मेमरी द्या. किमान आणि कमाल आकडा सारखाच ठेवा. लॅग आला (खेळ अडखळू लागला) की मेमरी वाढवायची, ही सर्रास दिसणारी चूक. सर्व्हरला प्रत्येक टिक (खेळाच्या हिशेबाचा एक फेरा) ५० मिलिसेकंदांत संपवावा लागतो आणि त्यातलं बहुतेक काम एकाच थ्रेडवर (कामाच्या एकाच रांगेत) चालतं, म्हणून प्रोसेसरच्या एका कोअरचा वेग इथे निर्णायक ठरतो. भाड्याचा सर्व्हर घेताना कोअर किती आहेत त्याआधी प्रोसेसर कोणता आहे ते विचारा.

सर्वांत जास्त फरक दोन आकड्यांनी पडतो. व्ह्यू डिस्टन्स (किती दूरचं दिसतं) १० असेल तर एका खेळाडूभोवती २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ चंक (जगाचे चौकोनी तुकडे) असतात. तो ७ वर आणला की २२५. सिम्युलेशन डिस्टन्स (किती दूरपर्यंत हालचाल चालू राहते) ६ केला तर प्राणी, शेती आणि रेडस्टोन (खेळातली वीजयंत्रणा) १६९ चंकांपुरतेच चालू राहतात. एलिट्रा (खेळातले पंख) घेऊन नव्या प्रदेशात उडणाऱ्यांमुळे सर्व्हर अडखळतो, कारण चंक तिथल्या तिथे बनवावे लागतात. जगाला सीमा घाला आणि चंकी प्लगइनने आतला भाग आधीच तयार करून ठेवा.

बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं. ऑनलाइन मोड बंद केला की खात्याची पडताळणी थांबते. मग ॲडमिनचं नाव धारण करून कुणीही आत येऊ शकतं. शिवाय खेळाडूंचे ओळखक्रमांक बदलतात, त्यामुळे सगळ्यांच्या पिशव्या रिकाम्या दिसतात. हा मोड चालूच ठेवा, जोडीला व्हाइटलिस्ट (परवानगी असलेल्यांची यादी) लावा. पोर्ट २५५६५ उघडूनही बाहेरून कुणी येऊ शकत नसेल, तर राउटरचा वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुमची जोडणी सेवादात्याच्या सामायिक पत्त्यामागे आहे. अशा वेळी पोर्ट फॉरवर्डिंगवर कितीही डोकं आपटलं तरी उपयोग नाही; भाड्याचा सर्व्हर किंवा टनेल (बाहेरच्या सर्व्हरमार्गे जोडणी) घ्यावा लागेल.

पेपरचा एक दोष खराच आहे: टीएनटी (खेळातलं स्फोटक) डुप्लिकेट करणारी यंत्रं त्यावर मुळात बंद असतात. तुमच्या गटात तांत्रिक फार्म (वस्तू आपोआप मिळवून देणारी यंत्रं) बांधणारे असतील तर ही सेटिंग आधी बदला, किंवा फॅब्रिक हा मॉड चालवणारा सर्व्हर वापरा.

इतर खेळांत कौल बदलतो. रँक लावून खेळायचं असेल तर अधिकृत मॅचमेकिंगला (प्रतिस्पर्धी जुळवून देणाऱ्या यंत्रणेला) पर्याय शोधत बसू नका, कारण तुल्यबळ प्रतिस्पर्धी तिथेच भेटतात. टीम फॉर्ट्रेस २ या नेमबाजीच्या खेळात मात्र अधिकृत कॅज्युअल (बिनरँकच्या) सर्व्हरवर बॉट्सनी (प्रोग्रामने चालणाऱ्या खोट्या खेळाडूंनी) वर्षानुवर्षं धुमाकूळ घातला आणि मे २०२२ मध्ये खेळाडूंना त्यासाठी मोहीम काढावी लागली. त्या काळात जागते ॲडमिन असलेले कम्युनिटी सर्व्हर हाच खेळाचा खरा आधार होता. आणि ज्या खेळाचा सर्व्हर प्रोग्राम खेळाडूंच्या हाती कधी दिलाच जात नाही, त्याचं काय होतं हे 'द क्रू' या मोटार शर्यतीच्या खेळाने दाखवलं. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि एकट्याने खेळायचा भागसुद्धा गेला. १९९६ चा 'क्वेक' आजही ऑनलाइन खेळता येतो, कारण त्याचा सर्व्हर कुणालाही चालवता येतो.

म्हणून रिअल्म्स घेतलं तरी महिन्यातून एकदा जग डाउनलोड करा. स्वतःचा सर्व्हर असेल तर चालू अवस्थेत फोल्डर कॉपी करू नका, अर्धवट लिहिलेल्या फाइल हाती येतात. आधी आपोआप सेव्ह होणं थांबवा, सगळं डिस्कवर उतरवा, कॉपी करा, मग सेव्ह पुन्हा चालू करा. पेपरच्या बहुतेक आवृत्त्यांत नेदर आणि एंड या खेळातल्या इतर दोन जगांचे फोल्डर वेगळे असतात, तेही घ्या. आणि प्रत सिंगलप्लेअरमध्ये उघडून पाहा; न उघडलेल्या बॅकअपवर विसंबू नका.