गॅरेजच्या भिंतीवर जुने गाडी-स्टिकर: न चिकटवता केलेल्या मांडणीचा काही महिन्यांचा अनुभव

जुने रेसिंगचे आणि ऑइल कंपन्यांचे स्टिकर गॅरेजमध्ये लावायचे म्हटलं की बहुतेक जण ते सरळ टूलबॉक्सवर नाहीतर कपाटाच्या दारावर चिकटवतात. दिसायला ते झकास दिसतं, पण तो स्टिकर तिथेच संपतो. पन्नास वर्षांपूर्वीचा गोंद एकदा पत्र्याला लागला की स्टिकर अख्खा निघत नाही. म्हणून मी पहिल्यापासून एकच अट ठेवली होती: मागचा कागद काढायचा नाही आणि कुठलीही वस्तू कायमची कशालाच चिकटवायची नाही. ही अट पाळून केलेली मांडणी आता कडक उन्हाळा, दमट पावसाळा आणि गार रात्री या सगळ्यांतून गेली आहे, त्यामुळे ती कशी टिकली ते नीट सांगता येईल.

मांडणी अशी. खोल अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेम, पुढे अतिनील किरण अडवणारं अ‍ॅक्रिलिक, आत आम्लमुक्त माउंट बोर्ड आणि स्टिकरची टोकं आत सरकवून तो न चिकटवता धरणारे पारदर्शक पॉलिएस्टरचे खिशासारखे कोपरे. स्टिकर आणि अ‍ॅक्रिलिक यांच्यामध्ये बोर्डाच्या पट्ट्या घालून मोकळी जागा ठेवली आहे. ज्यांच्या जास्तीच्या प्रती आहेत ते स्टिकर वेगळ्या पोलादी पत्र्यावर, पॉलिएस्टरच्या पाकिटात घालून चुंबकांनी लावले आहेत.

या सगळ्यात सर्वांत जास्त उपयोगाची ठरली ती मधली मोकळी जागा. असे स्टिकर ज्या मऊ व्हिनाइलचे असतात ते म्हणजे पीव्हीसी हे प्लॅस्टिक, आणि ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर नावाचं द्रव्य घातलेलं असतं. वर्षानुवर्षं ते हळूहळू पृष्ठभागावर येतं. सत्तरच्या दशकातला स्टिकर हाताला किंचित चिकट लागतो तो यामुळेच. अशा स्टिकरवर काच किंवा अ‍ॅक्रिलिक दाबून बसवलं तर उकाड्यात शाई त्यालाच लागते. उन्हाळ्यात पत्र्याचं छप्पर तापून गॅरेजची भट्टी होत होती, तरी एकही स्टिकर पुढच्या पृष्ठाला टेकला नाही. याच कारणासाठी पीव्हीसीचे स्वस्त फोल्डर वापरू नका. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या.

ओलाव्याबद्दल मला खरी धास्ती होती. पावसात भिजलेली गाडी गरम इंजिनासकट आत येते, शटर बंद होतं आणि तासाभरात हवा जड होते. एक छोटा आर्द्रतामापक भिंतीवर आणि दुसरा एका खोल फ्रेमच्या आत ठेवला होता. बाहेरचा आकडा एका रात्रीत पन्नास टक्क्यांवरून पंचाहत्तरच्या वर जायचा, आतला मात्र अगदी सावकाश हलायचा. फ्रेममधला बोर्ड स्वतःच थोडा ओलावा शोषतो आणि सोडतो, म्हणून चढउतार सौम्य होतो. मात्र आठवडाभर सलग दमट हवा राहिली तर आतला आकडाही चढतोच. अशा दिवसांत भिजलेली गाडी बाहेर निथळू देणं आणि पंखा चालू ठेवणं, या दोन गोष्टींनी सिलिका जेलच्या पुड्यांपेक्षा जास्त फरक पडला. फ्रेम बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. मागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवली की फ्रेमची पाठ कोरडी राहते.

पाण्यात बुडवून कागदावरून सरकवत लावायचे जुने स्टिकर, म्हणजे डिकल, हा वेगळाच प्रकार आहे. त्यांचा गोंद ओलाव्यानेच सुटतो, कागद वळतो आणि वरचा छापलेला पापुद्रा ठिसूळ होऊन तडकतो. वळलेलं डिकल वजन ठेवून सपाट करायला जाऊ नका, ते वळलेलंच खोल फ्रेममध्ये बसवा. ज्यांचे पापुद्रे सुटू लागले आहेत त्यांच्यापुढे अ‍ॅक्रिलिकही नको, कारण ते पुसताना स्थिर वीज तयार होते आणि सुटे कण खेचले जातात. तिथे मी काच वापरली. कसर नावाच्या किड्याला हा गोंद फार आवडतो, म्हणून फ्रेमची मागची फट कागदी टेपने पूर्ण बंद केली आहे.

चुंबकांच्या पत्र्याबद्दल मत थोडं मिश्र आहे. अदलाबदल करायला यासारखी सोय नाही. पण शटर धाडकन खाली आलं की भिंत थरथरते आणि बारीक चुंबक पाकिटासकट घसरतात. थोडे मोठे, रबर चढवलेले चुंबक घेतल्यावर हे थांबलं. चुंबक छापलेल्या भागावर येऊ देऊ नका, पाकिटाची कड मुद्दाम रुंद ठेवा.

कोपऱ्यांची अडचण आकार कापलेल्या स्टिकरांना येते. मिशेलिन या टायर कंपनीचं बोधचिन्ह असलेला बिबेंडम घ्या, १८९८ पासूनचा हा गोलमटोल गडी कोपऱ्यात कसा अडकणार? त्याच्यासाठी पोटावरून आणि पायांवरून पॉलिएस्टरच्या अरुंद पट्ट्या घेऊन त्या बोर्डाच्या मागे चिकटवल्या. जवळ गेल्याशिवाय त्या दिसत नाहीत.

मांडणीचा क्रम ब्रँडनुसार लावण्याऐवजी मी १९६८ ही रेघ धरली, आणि भिंत बोलू लागली ती त्यामुळे. त्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये गाडीच्या व्यवसायाबाहेरच्या कंपन्यांच्या जाहिरातींना वाट मिळाली आणि लोटस या संघाच्या गाड्या गोल्ड लीफ या सिगारेटच्या रंगांत धावल्या. त्यामुळे डाव्या बाजूला स्पार्क प्लग, टायर आणि तेल, उजव्या बाजूला हळूहळू सगळं जग. मध्ये गल्फ या तेल कंपनीचा निळा-नारिंगी, ज्या रंगांतल्या एकाच फोर्ड जीटी४० ने १९६८ आणि १९६९ अशी लागोपाठ दोन वर्षं ल मां ही चोवीस तासांची शर्यत जिंकली. त्याच्या शेजारी एसटीपी या इंजिन-ऑइलमध्ये घालायच्या द्रव्याच्या ब्रँडचा लंबगोल, ज्या एसटीपीच्या गाडीतून मारिओ आंद्रेत्तीने १९६९ ची इंडियानापोलिस ५०० ही अमेरिकेतली शर्यत जिंकली. पाहुणे इथे थांबतात आणि प्रश्न विचारतात. एवढ्यासाठी तरी स्टिकर पेटीतून भिंतीवर यायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

उजेडाबाबत अजिबात ढिलाई नको. खास अ‍ॅक्रिलिक अतिनील किरण अडवतं, पण दिसणारा प्रकाशही रंग उडवतोच आणि झालेलं नुकसान साठत जातं. संग्रहालयांत नाजूक कागदी वस्तूंसाठी साधारण ५० लक्सची (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) मर्यादा पाळतात. शटर उघडं असताना दिवसा हे जमत नाही, म्हणून फ्रेम दारासमोरच्या भिंतीवर न लावता बाजूच्या भिंतीवर लावल्या आहेत आणि एलईडी पट्टीला माणूस आला की पेटणारा सेन्सर जोडला आहे. काळा आणि पांढरा रंग तग धरतात. लाल आणि पिवळ्याकडे लक्ष ठेवावं लागतं, आणि फ्लोरोसंट शाई तर सगळ्यांत आधी जाते.

निगा राखायला सोपी आहे, फक्त दोन पथ्यं आहेत. अ‍ॅक्रिलिक कोरड्या फडक्याने पुसायचं नाही, धातूच्या धुळीने चरे पडतात, आणि अमोनिया असलेला काच-क्लीनर त्याच्या जवळपासही नको. ग्राइंडिंग आणि ब्रेक क्लीनरचं काम दुसऱ्या टोकाला करायचं.

ज्याच्याकडे एखाद्या स्टिकरची एकच प्रत आहे, आणि तीही फ्लोरोसंट, त्याने ती घरातल्या कपाटात अंधारात ठेवावी आणि चांगला स्कॅन छापून तोच फ्रेममध्ये घालावा. मी तसंच केलं आहे. छापील प्रतीच्या मागे ती प्रत असल्याचं लिहून ठेवलं आहे आणि मूळ स्टिकर कोणत्या पाकिटात आहे त्याचा क्रमांकही, म्हणजे पुढे कुणी फ्रेम उघडली तर घोटाळा होणार नाही.