घाटाखाली बॅगेत, घाटावर होल्डरमध्ये : १०० मिमी चौकोनी फिल्टर किट

लँडस्केपसाठी म्हणून विकलं जाणारं १०० मिमीचं चौकोनी फिल्टर किट कुठल्याही कंपनीचं उघडा, आत साधारण तेच निघतं. दोन खाचांचा ॲल्युमिनियमचा होल्डर, ६७ ते ८२ मिमीच्या रिंगा, होल्डरच्या पोटात बसणारा गोल पॉलरायझर (चमक आणि धुरकटपण कापणारा फिल्टर), १०० बाय १५० मिमीचे सॉफ्ट, हार्ड आणि रिव्हर्स असे तीन ग्रॅड, आणि सहा व दहा स्टॉपचे दोन एनडी. ग्रॅड म्हणजे वर गडद, खाली पारदर्शक काच: सॉफ्टची सीमा हळूहळू विरते, हार्डची ठळक असते, रिव्हर्स मधोमध सर्वांत गडद. एनडी सगळा उजेड सारखाच कमी करतो, आणि एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. खोक्यावर बहुतेक वेळा बर्फाचे डोंगर छापलेले असतात. कोकणातून सह्याद्री टिपायचा तर हिशेब वेगळा होतो, कारण इथे डोंगर पूर्वेला आणि समुद्र पश्चिमेला.

ही एवढी भूगोलाची गोष्ट किटचं निम्मं भवितव्य ठरवते. सप्टेंबरअखेर, हस्ताच्या पावसात, संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य समुद्रावरच्या ढगांखाली उतरतो आणि तिरपं ऊन थेट कड्यांच्या तोंडावर पडतं. कड्यामागे, घाटमाथ्यावर, काळानिळा ढग उभा असतो. म्हणजे आभाळ गडद आणि जमीन उजळ. ग्रॅडचं काम नेमकं उलट, उजळ आभाळ दाबायचं. अशा उजेडात तो लावला तर आधीच काळवंडलेलं आभाळ शाईसारखं होतं आणि कड्याचा माथाही त्यात बुडतो. मग कॉम्प्युटरवर तेच उजळत बसायचं.

घाटमाथ्यावरून खाली कोकणाकडे पाहताना मात्र पारडं फिरतं. आंबोलीचा कावळेसाद घ्या. तोंड पश्चिमेला, समोर मावळतीचं आभाळ, खाली सावलीत गेलेली दरी. आभाळ आणि दरी यांत तीन-चार स्टॉपचा फरक सहज पडतो. इथे ०.९ चा, म्हणजे तीन स्टॉपचा सॉफ्ट ग्रॅड पैसे वसूल करून देतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये डायाफ्राम (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) प्रत्यक्ष एफ/८ किंवा एफ/११ वर बंद करून फिल्टर हळूहळू खाली सरकवायचा. उघड्या डायाफ्रामवर ग्रॅडची सीमा पसरट दिसते आणि जागा चुकते.

घाटाखाली ग्रॅड अगदीच निरुपयोगी असंही नाही. सूर्य टेकायच्या आधीची शेवटची काही मिनिटं पश्चिमेकडच्या छोट्या डोंगरांची सावली भातशेतावर येते आणि ऊन फक्त कड्याच्या वरच्या भागावर उरतं. तेव्हा ०.६ चा, म्हणजे दोन स्टॉपचा सॉफ्ट पुरतो, आणि त्याची सीमा क्षितिजावर न ठेवता कड्याच्या मध्यावर ठेवायची. ०.९ लावलात तर ऊन पडलेला माथा सावलीतल्या शेतापेक्षा गडद दिसू शकतो, आणि तो खोटेपणा कुणाच्याही नजरेत भरतो. गंमत म्हणजे बहुतेक किटमध्ये ०.९ असतो, ०.६ वेगळा घ्यावा लागतो.

सकाळचा प्रकार तिसराच. सूर्य सह्याद्रीच्या मागून येतो, डोंगर काळे आणि आभाळ झगझगीत. रायगडावरून पूर्वेला लिंगाण्याकडे पाहिलं की ग्रॅडची अडचण कळते: सुळका सरळ आभाळात घुसलेला, त्यामुळे फिल्टर कसाही सरकवा, सुळक्याचा वरचा भाग काळाठिक्कर. इथे फिल्टर काढून दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फ्रेम घ्याव्यात आणि नंतर जोडाव्यात. वारा असेल तर गवत हलतं आणि जोडताना दुहेरी दिसतं, म्हणून जमिनीचा भाग एकाच फ्रेममधून उचलायचा.

हार्ड आणि रिव्हर्स ग्रॅड गुहागर-वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर, सरळ क्षितिजासाठी. डोंगरासाठी त्यांना विसरलेलं बरं.

आणखी एक मर्यादा दुकानात कुणी सांगत नाही. खालून कडे टिपताना बरेचदा १०० मिमीच्या पुढची फोकल लांबी लागते. तेवढ्यावर लेन्सला फिल्टरचा छोटासाच पट्टा दिसतो, सॉफ्ट ग्रॅडचा उतार त्यात मावतच नाही आणि सगळी फ्रेम जवळपास सारखीच गडद होते. फुल फ्रेमपेक्षा छोट्या सेन्सरच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर हे थोडं आधीच जाणवतं. असा कॅमेरा असणाऱ्यांनी सॉफ्टऐवजी मीडियम, म्हणजे सॉफ्ट आणि हार्डच्या मधला ग्रॅड पाहावा.

किटमधली खरी कामाची वस्तू पॉलरायझर आहे, पण त्याचीही दिशा सांभाळावी लागते. सूर्य थेट पाठीशी असेल तर आभाळावर त्याचा परिणाम जवळजवळ शून्य. सूर्याशी काटकोन झाला की परिणाम सर्वाधिक. संध्याकाळी याचा अर्थ उत्तरेला किंवा दक्षिणेला, रांगेच्या लांबीच्या दिशेने पाहायचं. एकामागून एक निघालेल्या सोंडा दिसतात आणि पॉलरायझर त्यांच्यामधलं धुरकटपण बऱ्यापैकी कापतो. ढगाळ पावसाळी दिवशी तर दिशेचीही फारशी फिकीर नको. मार्लेश्वरच्या धारेश्वर धबधब्यापाशी ओला काळा बसाल्ट आणि पानं पांढरट चमकतात. फिल्टर फिरवला की चमक उतरते आणि हिरवा रंग वर येतो. पूर्ण चमक मारू नये, दगड सुका दिसायला लागतो. उजेड दीडेक स्टॉप जातो, म्हणजे शटर १/१५ सेकंदाचं १/५ झालं. धबधब्याला तेवढं पुरतं, एनडी बाहेर काढायची गरजच नाही.

इंद्रधनुष्याला पॉलरायझर लावताना डोळे उघडे ठेवा. फिरवता फिरवता धनुष्य ठळक होतं आणि पाव वळशात पुसलंही जातं. शिवाय धनुष्याची त्रिज्या ४२ अंश, मावळतीला अख्खी कमान सुमारे ८४ अंश रुंद. ती आडव्या फ्रेममध्ये मावायला फुल फ्रेमवर २० मिमी, एपीएस-सीवर १३ मिमीच्या आसपास लागतात. एवढ्या रुंदीवर पॉलरायझर कमानीचा एक भाग उजळतो तेव्हा दुसरा फिका पडतो, आणि होल्डरच्या कडा कोपऱ्यांत डोकावू लागतात. होल्डर काढा, नुसत्या लेन्सने घ्या.

दहा स्टॉपचा एनडी या उजेडात जवळपास बाद. फिल्टरविना १/६० असेल तर तो सुमारे १७ सेकंदांवर जातो. उन्हाचा कवडसा तेवढ्यात एका सोंडेवरून दुसरीवर सरकलेला असतो, आणि फोटोत कुठेच धड ऊन दिसत नाही.

आता पाऊस. चौकोनी फिल्टरची सपाट काच म्हणजे थेंबांना आमंत्रण, कारण हूड लावता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे मधलं धुकं. एसी गाडीतून थंड झालेलं किट दमट हवेत बाहेर काढलं की पॉलरायझर आणि ग्रॅड यांच्यामधल्या फटीत वाफ धरते, ती बाहेरून पुसता येत नाही, सगळं सुटं करावं लागतं आणि तोवर ऊन गेलेलं असतं. पोहोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद, बॅग बंदच, हा साधा उपाय. मायक्रोफायबरचे तीन-चार कोरडे तुकडे झिपच्या पिशवीत वेगळे ठेवा, ओला झालेला परत आत टाकू नका. समुद्राचा तुषार बसला असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवा. कोरडं पुसलं की मिठाचे कण कोटिंगवर ओरखडे काढतात. रेझिनचे फिल्टर ओरखड्यांना जास्त हळवे, काचेचे जांभ्याच्या सड्यावर हातातून निसटले की संपलेच. ओल्या हातांनी काम असेल तर रेझिनच बरा. रिंग शक्यतो पितळेची घ्या, ॲल्युमिनियमची खाऱ्या हवेत लेन्सवर जाम बसते.

इतकी जुळवाजुळव करायला सरावलेल्या हातालाही मिनिटभर लागतं. स्क्रू-इन पॉलरायझर आधीपासून लेन्सवर चढवलेला असतो. म्हणून फक्त घाटाखालून फोटो काढणाऱ्याने चांगला गोल पॉलरायझर घ्यावा आणि किटचे पैसे वाचवावेत. घाटावर वारंवार जाणाऱ्याने होल्डर, ०.६ आणि ०.९ सॉफ्ट असं सुटं घ्यावं. अख्खं किट घेऊ नये. दोघांनीही मोजणी मॅन्युअलवर, उजळलेल्या गवतावर स्पॉट मीटरने (फ्रेममधला छोटासा भागच मोजणाऱ्या) करावी. ऑटो मोड काळा ढग मोजतो आणि ऊन पडलेला तुकडा पांढरा करून टाकतो.

घरी आल्या आल्या, परत करायची मुदत असेतोवर, रंगाची परीक्षा घ्या. व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनवर पक्का करून एकसारख्या ढगाळ आभाळाचे दोन फोटो, एक फिल्टरसह, एक त्याविना. स्वस्त ग्रॅड राखाडी ढगाला जांभळट झाक देतात. आपल्या पावसाळी फोटोत अर्धी फ्रेम राखाडीच असते, त्यामुळे ती झाक लपत नाही. झाक दिसली तर फिल्टर परत करा.