घरगुती उपाहारगृहात कधी जावं: सकाळच्या मिसळीला की दुपारच्या ताटाला?

पुण्याच्या पेठेतल्या घरगुती ठिकाणी खरी चव हवी असेल, तर आमचं मत सकाळच्या बाजूनं. साडेआठ ते दहा ही मिसळीची वेळ. ताटलीत खाली पोहे, त्यावर मोड आलेल्या मटकीची उसळ, मग शेव-फरसाण, कांदा-कोथिंबीर, आणि रस्सा वेगळ्या वाटीत. पुण्यात जुन्या ठिकाणी सोबत पावाऐवजी स्लाइस येतो. रस्सा एकदम ओतू नका, फरसाणाचा लगदा होतो. चार घासांपुरताच घ्या. पुण्यातल्या मिसळीच्या नावाजलेल्या ठिकाणांपैकी बेडेकरांचा रस्सा आंबटगोड, श्रीकृष्ण भुवनचा आलं-हिरव्या मिरचीचा, तेव्हा आधी नुसता चमचाभर चाखा. अकरानंतर मात्र मजा जाते. पातेलं मंद आचेवर आटत राहतं, रस्सा खारट होतो, मग त्यात गरम पाणी पडतं आणि तर्री तेवढी वर तरंगते.

दुपारचं ताट पोटभरीचं: पोळ्या, पालेभाजी, उसळ, कोशिंबीर, आमटी, भात. इथे सगळं पोळीवर अवलंबून. साडेबाराच्या आत गेलात तर तव्यावरची मिळते. दीडला डब्यात रचलेली, वाफ धरून ओलसर झालेली. ताट मर्यादित की अमर्यादित, हे बसण्याआधी विचारा. मर्यादित असेल तर जास्तीच्या पोळीचे पैसे वेगळे लागतात. पालेभाजी सर्वांत आधी संपते.

आजी-आजोबा सोबत असतील तर ताटच बरं. रिकाम्या पोटी तर्री त्यांना सोसत नाही.