क्लासिक ३५०: आवाज कमी झाला तेच बरं झालं

रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घेतल्यापासून कोल्हापुरात भेटेल तो एकच गोष्ट ऐकवतोय, नव्या बुलेटमध्ये पयल्यासारखा आवाज राहिला न्हाई. आमच्याकडं एनफिल्डची कुठलीही गाडी बुलेटच असते त्यामुळं मीपण इथं बुलेटच म्हणणार, कुणी दुरुस्त करायला येऊ नये. पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणतो, सोसायटीचा वॉचमन म्हणतो, आणि आमच्या गल्लीतले रिटायर झालेले मिस्त्री तर गाडीभोवती दोन फेऱ्या मारून, सायलेन्सरजवळ कान नेऊन म्हणाले, "लेका, ह्यात जीवच न्हाई की रं." मी म्हटलं, "मामा, एक राऊंड मारून या." गेले. रंकाळ्याला वळसा घालून आले, चावी हातात दिली, काही बोलले नाहीत, फक्त विचारलं कितीला पडली.

तर माझं म्हणणं असं आहे की जे गेलं म्हणून लोक रडतायत ते गेलं हेच ह्या गाडीतलं सगळ्यात भारी काम झालंय. जुन्या इंजिनवर ज्यांनी लांबचा प्रवास केलाय त्यांना विचारा, ७०-८० च्या पुढं गेलं की हँडल, फूटरेस्ट, आरसा सगळं थरथरायचं, आरशात मागची गाडी ट्रक आहे का कार एवढंच कळायचं. आता जे इंजिन आहे, जे-सिरीज म्हणतात ते, पहिल्यांदा २०२० ला एनफिल्डच्याच मीटिअर गाडीत आलं आणि सप्टेंबर २०२१ ला क्लासिकमध्ये. त्यात बॅलन्सर शाफ्ट टाकलाय. एकच सिलिंडर, एकच मोठा पिस्टन वरखाली आपटणार म्हटल्यावर गाडी हलणारच, तर त्याच्या जोडीला एक वजन लावलेला दांडा उलटा फिरवायचा, म्हणजे एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो. एवढी साधी गोष्ट, पण तासभर चालवून खाली उतरलं की हाताला मुंग्या येत नाहीत. आणि आवाज गेला म्हणणाऱ्यांनी सकाळी थंड इंजिन चालू करून बघावं, डुग डुग डुग आहे तसंच आहे, फक्त शेजारच्या बिल्डिंगमधलं बाळ उठत नाही.

ज्यांना आवाजच पाहिजे ते बाहेरनं सायलेन्सर बदलतात, मग पोलीस पकडतात, सायलेन्सर काढून घेतात, आणि रोडरोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरचे फोटो पेपरात येतात. पैसे जास्त झाले असतील तर करा.

आता मुद्द्याचं. गाडी २०२४ नंतरचं अपडेटेड मॉडेल आहे, ३४९ सीसी, २० बीएचपी (इंजिनची एकूण ताकद) आणि २७ न्यूटन मीटर टॉर्क (गाडी ओढायचा जोर). बीएचपी बघून १६० सीसीवाले हसतात, हसू द्या. तो टॉर्क ४००० आरपीएमलाच, म्हणजे इंजिन मिनिटाला ४००० फेरे मारत असतानाच मिळतो आणि तिथंच सगळी मजा आहे. इंजिन लाँग स्ट्रोक आहे, बोअर (सिलिंडरची रुंदी) ७२ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८५.८, म्हणजे पिस्टन रुंदीपेक्षा लांब पळतो, त्यामुळं खालच्या आरपीएमला गाडी ओढते, वर किंचाळत नाही. पाचव्या गिअरला ५० वर आहे, पुढं एसटी आहे, अशा वेळी आधीच्या स्प्लेंडरला दोन गिअर पाडून देवाचं नाव घ्यायला लागायचं, इथं नुसता ॲक्सिलेटर पिळला की गाडी उचलते आणि शांतपणे पुढं जाते. झपकन नाही हां, शांतपणे. झपकन पाहिजे असेल तर ही गाडी घेऊ नका, खरंच सांगतो, केटीएम ड्यूकवाली पोरं मागनं येऊन झुईकन निघून जातात आणि तुम्ही बघत बसता. ८०-८५ ला ही खूश असते, १०० ला पण जाते, त्याच्या पुढं तिला पण नको असतं आणि मला पण.

आमचा ठरलेला रस्ता राधानगरीचा. पहाटे निघायचं, हळदी, परिते करत पुढं. कोल्हापूरकडचा माणूस असाल तर माहितीच आहे, ऊस चालू झाला की ह्या रस्त्याला काय असतं. परित्याला कारखाना, ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, वर ऊस असा भरलेला की दोन्हीकडनं हातभर बाहेर, मागं रिफ्लेक्टर असला तर नशीब, आणि ट्रॅक्टरवर स्पीकरला फुल आवाजात गाणी, त्यामुळं तुमचा हॉर्न त्याला ऐकू जाणारच नाही. इथं ह्या गाडीचा एलईडी हेडलाईट कामाला आला. आधीच्या मॉडेलला पिवळा बल्ब होता, आता पांढरा लख्ख उजेड पडतो आणि ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोकं लांबनंच दिसतात. मग २०-३० च्या स्पीडला ट्रॉलीमागं थांबायचं, तिसऱ्यात गाडी कुरकुर न करता चालत राहते, रस्ता मोकळा दिसला की काढायची. आणि मधेच एखाद्या गुऱ्हाळावरनं काकवीचा गरम वास येतो, हेल्मेटची काच वर करावीच लागते. कारमध्ये एसी लावून जाणाऱ्याला हे मिळत नाही बघा.

पुढं राधानगरी, शाहू महाराजांनी काम सुरू केलेलं धरण, ज्याचे सात दरवाजे पावसाळ्यात भरल्यावर आपोआप उघडतात आणि मग सगळं कोल्हापूर पंचगंगेची पातळी बघत बसतं. आम्ही गेलो तेव्हा पाणी निवांत होतं. तिथनं दाजीपूर, गव्यांचं अभयारण्य, आणि मग फोंडा घाट. घाटात ही गाडी कशी वागते हे मला बघायचंच होतं कारण १९५ किलोचं धूड आहे. तर उतारावर तिसऱ्यात टाकली, ॲक्सिलेटर सोडला, इंजिननंच गाडी धरून ठेवली, ब्रेकला बोटं नुसती टेकवलेली. पुढचं चाक १९ इंची, मागचं १८, त्यामुळं वळणात गाडी हलकी वाटत नाही पण एकदा झुकवली की रेषा सोडत नाही, मधे खडी आली तरी दचकत नाही. पुढं ३०० मिमीची डिस्क, मागं पण डिस्क, ड्युअल चॅनेल एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी दोन्ही चाकं लॉक होत नाहीत. सगळ्यात खालच्या व्हेरिएंटला मागं ड्रम आणि एबीएस फक्त पुढच्या चाकाला मिळतं, तेवढे पैसे वाचवू नका, घाटाच्या बाजूला राहत असाल तर अजिबातच नको.

एक गोष्ट लिहायची राहिली असती. चावी. हेडलाईटच्या वरच्या डोक्यात उजव्या बाजूला चावी, त्यातच हँडल लॉक. चावी फिरवली की इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा बारीक झुंईं आवाज येतो, न्यूट्रलचा हिरवा दिवा लागतो, मग उजव्या हाताच्या अंगठ्यानं जुन्या रेडिओच्या बटणासारखा गोल स्विच फिरवायचा. दाबायचा नाही, फिरवायचा. किक नाहीच. आमच्या अण्णांना हे काही पटलेलं नाही, त्यांच्या काळात ॲमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मधे आणून, डीकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडायचा खटका) दाबून किक मारायची आणि चुकली तर किक उलटी नडगीवर यायची, त्याला ते गाडी चालवणं म्हणतात. "बॅटरी उतरली तर ढकलणार काय?" हा त्यांचा प्रश्न. १९५ किलो ढकलायला शेजारची पोरं बोलवावी लागतील हे खरं आहे.

गावातल्या वापराबद्दल पण सांगतो नाहीतर सगळं घाट आणि धरणच होईल. महाद्वार रोडला शनिवारी संध्याकाळी ही गाडी घेऊन जायचं नाही. वजन आहे, एअर-कूल्ड म्हणजे वाऱ्यावर गार होणारं इंजिन आहे, सिग्नलला उभं राहिलं की उजव्या पायाला गरम लागतं, मोठ्या इंजिनला ते चालायचंच. सीटची उंची ८०५ मिमी, माझी उंची साधारण, दोन्ही पाय टेकतात. पार्किंगमधे उताराला पुढं तोंड करून लावू नका एवढंच, मागं ओढताना कंबर आठवते. मेन स्टँडला ताकद लावायची नसते, स्टँडच्या आकड्यावर उजवा पाय ठेवून सगळं अंगाचं वजन खाली सोडायचं, गाडी आपोआप मागं चढते. शोरूमच्या पोरानं एकदा दाखवलं आणि जमलं, नाहीतर लोक हँडल धरून वर उचलत बसतात.

शोरूमवरनं आठवलं. आम्ही बुकिंग केलं होतं आणि २०२५ च्या १५ ऑगस्टला बातमी आली की जीएसटी कमी होणार. मग काय, सगळेच थांबले. २२ सप्टेंबरला, बरोबर घटस्थापनेला, ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरनं १८ टक्के झाला आणि त्याच्या वरच्या गाड्यांना ४० टक्के लागला. म्हणजे ही ३४९ सीसी, एका सीसीनं वाचली आणि एनफिल्डच्याच ४५० आणि ६५० महाग झाल्या. माझा मित्र त्यातली ४५० ची हिमालयन घेणार होता, तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. सगळ्यांना दसऱ्याच्या मुहूर्तावरच गाडी पाहिजे, त्यामुळं शोरूमच्या दारात हार घातलेल्या गाड्यांची रांग, चाकाखाली लिंबू, पेढ्याचे बॉक्स, आणि पुजाऱ्याला एका गाडीवरनं दुसऱ्या गाडीवर जायला सवड नाही. त्या गर्दीत बिलात हँडलिंग चार्ज नावाची एक ओळ घुसवलेली होती. मी विचारलं हे कशाचं, तर म्हणाले सगळ्यांनाच लावतो सर. मी म्हटलं लेखी द्या कशाचे घेताय, तर दहा मिनिटांत ओळ गायब. शोरूमचं नाव घेत नाही, पण तुम्ही कुठनंही गाडी घ्या, कोटेशनची प्रत्येक ओळ वाचा. इन्शुरन्स पण त्यांच्याकडनंच घ्यायची सक्ती नसते, थर्ड पार्टी ५ वर्षांचा कंपल्सरी आहे, कोटेशन बाहेरनं आणून समोर ठेवलं की त्यांचा पण रेट खाली येतो.

व्हेरिएंट निवडताना रंगाच्या नादात एक गोष्ट विसरतात. तारांच्या चाकाला ट्यूब असते, अलॉय असलेल्या काळ्या व्हेरिएंटला ट्यूबलेस. तारा दिसायला एक नंबर, त्यात वाद नाही, पण पंक्चर झालं की चाक खोलायचं, आणि मागचं चाक खोलणं म्हणजे आडरस्त्याला अर्धा दिवस. मी अलॉय घेतले. घरात सगळ्यांनी लाल घे, लाल घे केलं, मद्रास रेड उन्हात खरंच लई देखणा दिसतो, पण दाजीपूरच्या जंगलात पंक्चर काढायला कुणी येणार नाही.

मायलेज ३५ च्या आसपास देते, टाकी १३ लिटरची, म्हणजे फुल केली की चारशे किलोमीटरची काळजी नाही. ७० देणाऱ्या गाडीवरनं आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात पंपावर जरा चमकायला होतं. ५०० किलोमीटरला पहिलं सर्व्हिसिंग, तोपर्यंत रनिंगमधे आहे, म्हणजे नवं इंजिन अजून रुळतंय, समजून दामटायची नाही. ऑइल बदललं की गिअर अजून मऊ पडले, आधी पहिला गिअर टाकताना खट्ट व्हायचं ते आता बारीक टक् होतं. क्लचजवळ यूएसबी सी चार्जिंग दिलंय, मीटरमधे आता कुठला गिअर आहे ते दिसतं, ह्या दोन्ही गोष्टींशिवाय आयुष्य चाललं असतं पण आहेत तर वापरतो.

राहता राहिली मागची सीट. बायकोला घेऊन जोतिबाला गेलो, चढ एकदम लोण्यासारखा गेला, दोघं बसलोय हे इंजिनला कळलं पण नाही. वर पोचल्यावर मी कौतुक ऐकायच्या तयारीत, तर ती म्हणाली, "तुमची सीट मोठी, माझी पाटावर बसल्यासारखी." मागचे शॉक ॲडजस्ट होतात, सहा स्टेप आहेत, दोघं बसल्यावर एक-दोन स्टेप वाढवल्या तर खड्ड्यात खाली टेकत नाही, एकटा असलो की परत कमी करतो. तेवढं केल्यावर परतीला तक्रार निम्म्यावर आली. कंपनीच्याच ॲक्सेसरीमधे रुंद टूरिंग सीट मिळते, तिची किंमत काढून ठेवली आहे. क्रॅश गार्ड आधी घ्यायचा का सीट, हा माझ्यापुरता प्रश्न होता, घरात तो निकालात निघालाय. सीट.