सम्प्चुअस खुर्ची: खर्च नेमका कुठे झालाय?

मडगावच्या एका फर्निचर दुकानात जुन्या गोमंतकीय घाटाची, वेताच्या आसनाची आरामखुर्ची मिळते. चिठ्ठीवर नाव ‘सम्प्चुअस’. हा शब्द आपण उंची, ऐशारामी अशा अर्थाने घेतो. मुळात मात्र तो पैशाचा शब्द. लॅटिन ‘सुम्प्तुस’ म्हणजे खर्च. तिथून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. पोर्तुगीज ‘सुंतुओझु’ही त्याच घरचा. याच मुळावरून उधळपट्टीला चाप लावणाऱ्या कायद्यांना ‘सम्प्च्युअरी’ म्हणतात. रोममध्ये इ.स.पू. २१५च्या ओप्पियन कायद्याने बायकांना अर्ध्या औंसाहून जास्त सोनं ठेवू दिलं नव्हतं. वीस वर्षांनी तो रद्द झाला.

तर या खुर्चीवर खर्च कुठे झालाय? उलटी करून पाहा. चौकटीला ओळीने भोकं आणि वेताच्या गाठी दिसल्या तर विण हाताची. इथे भोकं नाहीत, सलग खाच आहे. तयार जाळी खाचेत दाबून वरून वेताची पट्टी गोंदाने बसवलीय. ती पट्टी सुटली की जाळीचा ताण जातो आणि आसन खोलगट होतं. हाताच्या विणीचं आसन सैल झालं तर खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवून रात्रभर सुकू द्यायचं. वरची चकचकीत साल पाणी शोषत नाही, म्हणून खालूनच.

लाकूड मात्र खरं शिसवी. स्क्रूच्या भोकात डोकावलं तर आतही जांभळट तपकिरीच दिसतं. रंग दिलेलं हलकं लाकूड तिथे फिकं निघालं असतं. पायांचे सांधे खाचेत कूस (लाकडाचीच कोरलेली जीभ) बसवून केलेत, नुसते खिळे नाहीत. पैसे इथेच लागलेत, आणि ते वसूल होतात.

पॉलिश लाखेचं, स्पिरिटमधलं. जुलैतल्या दमट हवेत पॉलिशचा हात मारला तर ओल आत अडकून पांढुरके ढग उठतात, आणि या खुर्चीच्या पाठीवर ते आहेतच. कोरड्या दिवशी बोळ्याला अगदी थोडं स्पिरिट लावून हलक्या हाताने फिरवलं की बहुतेक जातात. फेणीचा पेला मात्र खुर्चीच्या हातावर टेकवू नका. सांडली तर पॉलिश विरघळतं.

भाव करताना सूट मागण्यापेक्षा आसन हाताने विणून मागा आणि पॉलिशचा शेवटचा हात पावसाळा सरल्यावर मारून घ्या.