पॅटी पेजचं ‘टेनेसी वॉल्ट्झ’: मर्क्युरी ५५३४, ७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) मूळ तबकडी

अमेरिकी गायिका पॅटी पेजची एकच तबकडी घ्यायची असेल तर हीच घ्या. मात्र सुई योग्य नसेल तर घेऊन उपयोग नाही.

बाईंचं खरं नाव क्लॅरा ॲन फाउलर, जन्म १९२७चा, ओक्लाहोमातल्या क्लेअरमोरचा. टल्साच्या केटीयूएल रेडिओवरचा कार्यक्रम ‘पेज मिल्क’ ही दूध कंपनी प्रायोजित करायची, त्यावरून त्या पॅटी पेज झाल्या. पुढे मर्क्युरी या तबकडी कंपनीसाठी १९४७ साली ‘कन्फेस’ मुद्रित करताना साथीचे गायक नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःच्याच आवाजावर स्वतःची साथ चढवली. त्या युक्तीचं सगळ्यात सुंदर फळ म्हणजे १९५० सालचं हे गाणं. गंमत बघा, ते आलं ‘बूगी वूगी सँटा क्लॉज’ या नाताळच्या गाण्याच्या मागच्या बाजूला! पुढच्या छपाईत सँटा गेला आणि त्या जागी ‘लाँग लाँग अगो’ आलं. म्हणून विकत घेताना दोन्ही बाजूंचं लेबल वाचा. सँटा असलेली प्रत आधीची.

आता ऐकण्याचं. एलपीची सुई सुमारे १ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ७८ची खाच रुंद असते, तिला सुमारे ३ मिलची सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. लोक मग तबकडीलाच खराब म्हणतात. सुईचा दाब ३ ते ५ ग्रॅम, पण कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) बनवणाऱ्यानं दिलेला आकडा आधी बघावा. ॲम्प्लिफायर मोनोवर ठेवा. खाचेतला वर-खाली होणारा आवाज त्यात बराचसा कटतो आणि गाणं मोकळं होतं. आरआयएए मानक (मुद्रणात ट्रेबल-बास किती ठेवायचा याचा ठरलेला नियम) १९५४चं, तबकडी त्याआधीची, तेव्हा ट्रेबल-बास कानानं जुळवावा लागतो. चावीच्या ग्रामोफोनवर ही तबकडी लावू नका. जड साउंडबॉक्स (सुई धरणारं, आवाज काढणारं डोकं) आणि पोलादी सुई खाच खरवडून काढतात.

घेण्याआधी मधलं भोक नीट बघा. ते जरा जरी सरकलेलं असेल तर लांबवलेले स्वर हेलकावतात. लय संथ आहे, ओळीच्या शेवटी दोन्ही आवाज एकत्र थांबतात, त्यामुळे तो दोष इथे लगेच कानाला टोचतो. उजेडात तिरकी धरा: खाचा करड्या दिसल्या तर जोरकस जागी आवाज फाटणार. बारीक केसासारखी चीर कडेपासून असेल तर सोडून द्या, टपालात तिथेच तुटते.

धुताना स्पिरिट अजिबात नको, तबकडी लाखेची असते आणि लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं, लेबल कोरडं. उभीच ठेवा. पावसाळ्यात कागदी पाकिटाला बुरशी धरते, ते बदलावं.

‘पॅटी पेज हिट्स’ नावाच्या नंतरच्या अनेक संचांत स्टिरिओत पुन्हा गायलेली गाणी असतात. आवाज स्वच्छ, पण १९५०च्या त्या दोन आवाजांतली जवळीक त्यात नाही. सीडी घ्यायचीच असेल तर ‘मूळ मोनो’ लिहिलंय का ते पाहून घ्या.